अठ्ठ्याण्णव सालचा आवाज

श्रावणातला शेवटचा सोमवार उजाडला खरा, पण ऊन काही पडलं नाही. रात्रीपासून आभाळ पार लिंबाच्या शेंड्यापर्यंत खाली आलेलं आणि भुरभुर चाललेली. ही भुरभुर मोठी चिवट. तिनं रान भिजत नाही, बांधावरचं गवत तेवढं ओलं राहतं, आणि तोडून आणलेला मूग वाळू म्हणता वाळत नाही. मल्लम्माच्या ओसरीवर चार पोती शेंगा पसरलेल्या होत्या. पहाटेपासून ती त्या उलथ्यापालथ्या करत होती. हाताला ओल लागली की शेंग फोडून बघायची. आत कोंब डोकावलेला दिसला की ती शेंग वेगळ्या टोपल्यात. त्या टोपल्यातलं म्हशीला.

मल्लम्मा बहात्तरीची. अंगानं रोड, पण पाठीला बाक नाही. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या बोरगीवाडीत आली तेव्हा तिला मराठीतला एक शब्द येत नव्हता. नवरा गुरुसिद्धप्पा गावात किराणा चालवायचा आणि संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या की पेटी घेऊन बसायचा. पदं स्वतःच जुळवायचा. बायकोला त्यानं मराठी शिकवली ती पदांमधून. त्यामुळं तिला मीठ मागता यायच्या आधी महादेवाला आळवता यायला लागलं, असं तिची सासू चारचौघांत सांगायची. ते कौतुक होतं की टोमणा, हे मल्लम्माला शेवटपर्यंत कळलं नाही.

नळदुर्गाच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं हे गाव. इथं तिला रेडिओवाली मल्लम्मा म्हणतात. गावात मल्लम्मा चार आहेत, पण रेडिओवाली एकच.

सातच्या सुमाराला कोंडाबाई आली. ती मल्लम्माहून पाच-सहा वर्षांनी लहान. येरमाळ्याकडची लेक, लग्न होऊन इथं आली, कस्तुरा नावाची एक पोर पोटाला आली आणि नवरा गेला. तेव्हापासून मल्लम्माच्या रानात रोजानं येते. आता रानातलं वाकून करणं होत नाही, म्हणून बसून करायची कामं करते. तिनं डोईवरचं पोतं झटकलं, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि शेंगांना हात घातला. हात चालायला लागले की कोंडाबाईचा गळा आपोआप चालतो. तोंड मिटलेलं, आतल्या आत गुणगुण. ती कुठलं पद गुणगुणतेय हे मल्लम्माच्या ध्यानात आलं आणि तिच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

तेवढ्यात शिवरंजनी आतून आली. ही मल्लम्माच्या लेकाची, शिवपुत्राची पोरगी. सोलापूरला कॉलेजात शिकते, सुटीला आली होती. केस ओले, हातात मोबाइल. ती उंबऱ्यात थबकली, कोंडाबाईचं गुणगुणणं ऐकत राहिली आणि हसायला लागली.

"अव्वा, ऐकलं का? कोंडामावशी तुमची नक्कल किती भारी करतात. 'कंदील' म्हणायच्या आधी तुम्ही जो झोका घेता ना, तोसुद्धा सेम."

कोंडाबाईनं वर पाहिलं नाही. शेंगा चाळवत ती म्हणाली, "व्हय बाई. इतकी वर्सं अक्कांच्या मागं बसून झील धरली. नक्कल व्हनारच की."

मल्लम्मा उठली आणि म्हशीचं टोपलं उचलून गोठ्याकडं गेली. टोपलं अजून निम्मंही भरलं नव्हतं. म्हशीपुढं ते रिकामं केलं तरी ती तिथंच उभी राहिली. कान तापले होते. या वयात कान तापतात, याचं तिला नवल वाटलं.

शिवरंजनीचा गेला आठवडा त्या एका गाण्यातच गेला होता. आजोबांच्या पेटीखालच्या कप्प्यात तिला एक कॅसेट सापडली. रेडिओवर पद लागलं त्या दिवशी गुरुसिद्धप्पानं टेपरेकॉर्डर जवळ धरून ते भरून घेतलं होतं. वर निळ्या पेनानं लिहिलेलं: मल्लम्मा, प्रथम क्रमांक, १९९८. पोरीनं सोलापुरात कुणाकडून तरी ते मोबाइलमध्ये घालून आणलं. आता महादेवाच्या देवळात आज दुपारी तिचा कार्यक्रम होता. आधी अठ्ठ्याण्णवचं पद भोंग्यावर वाजवायचं, मग तेच पद यंदाच्या पोरींनी, म्हणजे तिच्या गाणाऱ्या मैत्रिणींनी, म्हणायचं, मधे अव्वानं चार शब्द बोलायचे. तवाचं गाणं आणि आताचं गाणं, लोकांनी ठरवावं.

ठरवायचं काय त्यात, असं ती स्वतःच म्हणायची. यंदा तिच्या पोरींनी पंचमीला म्हटलेलं गाणं मोबाइलवर सत्तावीस हजार लोकांनी पाहिलं होतं. गावात कुणाच्या कधी स्वप्नातही एवढे श्रोते आले नव्हते. पण ती म्हणाली की आमच्यात निम्मं काम मशीनचं असतं. मागचं वाजवणं तयार मिळतं. कुणाचा सूर ढळला तर तो ओढून जागेवर बसवता येतो. तुम्ही आठजणींनी एका दमात म्हटलं, एक पेटी, एक पखवाज, चुकलं तर चुकलं. काल रात्री जेवताना तिनं भाकरीचा तुकडा हातात धरूनच सांगितलं होतं, "तुमच्यात खोटं काहीच नव्हतं, अव्वा. म्हणून ते साल मोठं."

मल्लम्मानं तेव्हा आमटीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं होतं.

आता त्या सालाचं खरं काय ते सांगायला हवं.

स्वातंत्र्याची पन्नाशी चालली होती. जिल्ह्यातल्या बायकांच्या भजनी मंडळांची स्पर्धा निघाली. पहिलं येईल त्या मंडळाचं पद रेडिओवर लागणार. बोरगीवाडीच्या मंडळात आठ बायका, मल्लम्मा म्होरकी. तिचा आवाज जड, पेटीवर पांढऱ्या चारच्या पट्टीतला, पण ठाम. गुरुसिद्धप्पानं फॉर्म भरला, मुख्य गायिका म्हणून बायकोचं नाव घातलं, आणि स्पर्धेसाठी नवं पद जुळवलं: "बेलाच्या बुडाला कुणी गं टांगला कंदील." महिनाभर सराव झाला. कोंडाबाई मागच्या ओळीत, टाळ घेऊन, झील धरायला. मल्लम्मानं ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची.

स्पर्धा आली वैशाखात. आणि वैशाख म्हणजे काळं तिखट करायचे दिवस. वर्षाची मिरची नळदुर्गच्या बाजारातून आलेली, खोबरं, धणे, दगडफूल सगळं तयार. जाऊ म्हणाली, अक्का, उद्या तुमचं गाणं आहे, तिखट मी करते. मल्लम्माला ते पटेना. जाऊच्या हातचं तिखट करपतं, हे तिचं ठाम मत होतं. आणि खरं सांगायचं तर गाण्यासाठी चूल सोडली असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. तिनं स्वतः कढईपुढं बसून दहा किलो मिरची भाजली आणि दुपारी उखळात कांडली. घरादाराला ठसका लागला. शेजारची पोरं गल्ली सोडून पळाली. रात्री तिला घसा खवखवला तेव्हा तिनं गुळाचा खडा खाल्ला आणि झोपली. सकाळी एसटीत बसल्यावर तिनं शेजारणीला खिडकी लाव म्हणून सांगायला तोंड उघडलं, तर आत भात्यातनं वारा गेल्यासारखी फुस्स तेवढी निघाली.

गरम पाणी झालं, आलं चघळून झालं, ज्येष्ठमध झालं. काही उपयोग नाही. रेकॉर्डिंगची खोली बंद, भिंतींना जाड कापड, पंच काचेपलीकडं दुसऱ्या खोलीत मान खाली घालून ऐकणारे. दारातच गुरुसिद्धप्पानं बायकांना थांबवलं. तो चिडला नव्हता. घाबरला होता. तो कोंडाबाईला म्हणाला, तू माइकजवळ बस, मल्लम्माच्या खांद्यामागं, आणि ओळ तू टाक. मग बायकोकडं न बघता म्हणाला, तू नुसतं तोंड हलव.

कोंडाबाईनं एकदा पदर सारखा केला. तिची आत्या येरमाळ्याच्या देवीपुढं गाणारी होती. तिच्या मांडीवर बसून ही गाणं शिकलेली. पण ते या गावात कुणी कधी विचारलं नव्हतं. गुरुसिद्धप्पाचं बोट पांढऱ्या चारवर होतं. कोंडाबाई हळूच म्हणाली, अप्पा, काळी चार घ्या. त्यानं वर पाहिलं. इतक्या वर गाणारी बाई त्याच्या मंडळात झील धरत बसली होती, हे त्याला त्या घडीला कळलं.

मल्लम्मा पुढं बसली आणि तोंड हलवलं. तिच्या मानेला मागून कोंडाबाईचा श्वास लागत होता. दुसऱ्या कडव्यात पद वर चढतं. तिथं 'कंदील' म्हणायच्या आधी त्या आवाजानं एक झोका घेतला. दोरखंडाला लटकलेला कंदील वाऱ्यानं हलावा तसा. तो पदात लिहिलेला नव्हता. मल्लम्माचं तोंड तिथं चुकलं, अर्धं उघडंच राहिलं. पण बघायला कोण होतं?

पहिला नंबर आला. नाव पुकारलं गेलं ते फॉर्मवरचं. ढाल मल्लम्माच्या हातात आली, फोटो निघाला. येताना एसटीत कोंडाबाईला खिडकीची जागा दिली सगळ्यांनी, आणि गुरुसिद्धप्पानं आठही जणींना सांगितलं की गावात हे बोलायचं नाही. बोललं तर ढाल परत जाईल, मंडळाचं नाव जाईल. आठही जणींनी मान हलवली. कोंडाबाईनंही.

आषाढातल्या पहिल्या सोमवारी पद रेडिओवर लागलं. देवळापुढं रेडिओ ठेवून अख्खं गाव बसलं होतं. आवाज जरा निराळा लागतोय असं कुणी म्हणालं, तर रेडिओत तसाच लागतो असं दुसऱ्यानं सांगितलं. संपल्यावर म्हातारी माणसं मल्लम्माच्या पाया पडायला उठली.

त्या दिवसापासून मल्लम्मा चारचौघांत गायली नाही. हळदीला बोलावलं, बारशाला बोलावलं, नळदुर्गला जत्रेत बोलावलं, ती गेली नाही. एकदा गायलं की लोकांना दोन आवाजांतला फरक कळणार. म्हणून तिनं सांगितलं की आता फक्त महादेवापुढं, देव्हाऱ्यात, मनातल्या मनात. गावानं त्याला भक्ती म्हटलं. काही बायका तिचा दाखला द्यायला लागल्या की बघा, एवढा मान मिळाला पण बाई मिरवली नाही. म्होरकीच गाईना म्हटल्यावर मंडळ मोडलं. टाळ देवळाच्या खोलीत पडले. आठजणींतल्या पाचजणी एकेक करून गेल्या, एक लेकाकडं पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. गुरुसिद्धप्पाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता गावात माहीत असलेल्या दोघीच उरल्या, आणि त्या दोघी एका ओसरीवर शेंगा निवडायच्या.

गोठ्यातून परत आल्यावर मल्लम्मानं कोंडाबाईला विचारलं, दुपारी देवळात येणार ना. कोंडाबाई म्हणाली, येणार की, भाकरी थापायला मलाच सांगितलंय, दीडशे माणूस जेवायला आहे. मल्लम्मा म्हणाली, तसं नव्हे, कार्यक्रमाला पुढं बसायला. कोंडाबाई शेंगांतून एक काडी वेचून बाजूला टाकत म्हणाली की पुढं बसून काय करू, भोंग्यावर मागं चुलीपाशीबी ऐकू येतंय.

बाराच्या सुमाराला पाऊस थांबला. देवळापुढच्या मंडपात सतरंज्या पडल्या. हुग्गीच्या खिरीतल्या गुळाचा वास गल्लीभर झाला होता. मल्लम्माला खुर्ची दिली होती. खुर्चीवर हार घातलेली ढालही ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतल्याशिवाय तिला बसता येईना. गावचे जुने पुढारी हणमंतप्पा बोलले. ते बोलायला लागले की उन्हाळा संपून हिवाळा येतो. त्यांनी अठ्ठ्याण्णव सालापासून आजवरच्या सगळ्या घसरणीचा हिशेब मांडला, डॉल्बीला शिव्या घातल्या, आणि अशी माणसं आता होणार नाहीत म्हणून मल्लम्माकडं हात केला. पोरींच्या घोळक्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, आजोबा, हे रेकॉर्डिंग होतंय हां, आवरा. हशा झाला.

मग शिवरंजनीनं मोबाइल लावला आणि भोंग्यातून तो आवाज आला.

सुरुवातीला टेपची खरखर. मग पेटी. मग ती ओळ. मंडपात बसलेल्या पोरांचे मोबाइल खाली गेले. त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. काही न सांगता ती ऐकायला लागली होती. मल्लम्मानं गेल्या सत्तावीस वर्षांत ही टेप एकदाही ऐकली नव्हती. तिनं मांडीवरच्या ढालीची कड घट्ट धरली. दुसरं कडवं आलं, आवाज वर चढला, तो झोका घेतला, आणि बायकांमधून एकदम 'अगं बाई' असा उसासा उठला. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात एवढी माया होती की तिला खुर्चीतून सरकून खाली मातीत जावंसं वाटलं.

पद संपलं. टाळ्या थांबेनात. शिवरंजनीनं माइक आणून तिच्या हातात दिला.

मल्लम्मा उभी राहिली. ढाल कुठं ठेवावी कळेना, तशीच काखेत धरली. ती म्हणाली, "हा आवाज माझा न्हाय."

ती पुढं म्हणाली, "माझा घसा बसला होता. म्या नुसतं तोंड हलवलं. गायली ती कोंडा."

मग हणमंतप्पा गुडघ्यावर हात देत उठले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ह्याला म्हणतात मोठेपणा, स्वतःची पुण्याई काढून आपल्या रोजाच्या बाईच्या पदरात घालायची, हे शरणांचं, शिवभक्तांचं घर आहे. टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. मल्लम्मा माइकमध्ये म्हणाली की मोठेपणा नाही, खरं सांगतेय. बायका हसल्या, मायेनं हसल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी माणूस असंच हळवं होतं.

तिनं आणखी काही सांगितलं असतं तर त्याचाही हारच झाला असता.

एकटी शिवरंजनी टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं सकाळची ओसरी आली असणार. तिनं एकदा आजीकडं पाहिलं, मोबाइल मुठीत धरला आणि मंडपाच्या मागं चुलीकडं चालत गेली. परत आली ती कोंडाबाईचा हात धरून. कोंडाबाईच्या कोपरापर्यंत पीठ होतं. एवढ्या लोकांपुढं आपल्याला का आणलं हे तिला कळलं होतं, कारण भोंगा मागंही ऐकू येत होता.

पोरीनं माइक घेतला नाही. पण मंडप इतका शांत होता की तिचं बोलणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. "मावशी, तो आवाज तुमचा आहे का?"

कोंडाबाईनं मल्लम्माकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मल्लम्मानं मान हलवली, की सांग, म्हण व्हय. जन्मात तिनं कुणाकडं एवढं मागितलं नव्हतं.

"न्हाय बाई," कोंडाबाई म्हणाली. "अक्कांचाच हाय. म्या झील धरली." आणि ती वळून चुलीकडं गेली. तव्यावरची भाकरी करपत होती.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शिवरंजनीच्या मैत्रिणी पुढं येऊन उभ्या राहिल्या, कीबोर्ड लावला गेला, यंदाचं गाणं सुरू झालं. चांगलं म्हणत होत्या पोरी. सूर कुठं ढळत नव्हता. शिवरंजनी त्यांच्यात उभी होती, पण ओठ मिटलेले होते. आजीकडं तिनं मान वळवली नाही.

मल्लम्मा खुर्चीवर ढाल ठेवून उठली. पाय धुवायला चालल्यासारखी मंडपाच्या कडेनं मागं गेली. चुलीपाशी कोंडाबाई एकटीच होती. बाकीच्या बायका गाणं बघायला पुढं आलेल्या. धुरात ती बसली होती, परातीत पीठ, शेजारी भाकरींची चळत. मल्लम्मा उभ्या उभ्याच म्हणाली, "कोंडा, न्हाय का म्हणलीस? एवढ्या लोकांत म्या सांगितलं."

कोंडाबाईनं तव्यावरची भाकरी परतली. पाण्याचा हात फिरवला. मग बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"सत्तावीस वर्सं तुमी गप बसला, तवा म्याबी गप बसले. आज तुमाला सांगावं वाटलं म्हणून म्या व्हय म्हणायचं? गप बसायचं तुमच्या मर्जीनं, बोलायचं बी तुमच्याच मर्जीनं?"

मल्लम्मानं भाकरींच्या चळतीवरचं फडकं सारखं केलं.

कोंडाबाई म्हणाली, कस्तुराची याद हाय का? मल्लम्मानं हं केलं. कस्तुरा, कोंडाबाईची लेक, भूमला दिलीय, तिला दोन पोरं आहेत. कोंडाबाई म्हणाली, आत्ताची कस्तुरा नव्हे, तवाची, धा वर्सांची. रेडिओवर पद लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत सांगितलं की ही माझी आय गाती. घरात रोज ऐकते ती, तिला आवाज वळखू येईना व्हय? पोरी म्हणाल्या खोटारडी. तिनं एकीची वेणी वढली. मास्तरनं अप्पांकडं तक्रार आणली. अप्पांनी मला बोलावलं. तुमी तिथंच ओसरीवर बसला होता.

"म्या पोरीला म्हणलं, तू खोटं बोललीस, अक्कांच्या पाया पड. तिनं माझ्याकडं बगितलं, आन् पडली. तुमी म्हणला, ऱ्हाऊ दे, लेकरू हाय."

मल्लम्माच्या ते ध्यानात नव्हतं. कोंडाबाईनं सांगितलं आणि ते आलं, पुरतं आलं. दोन लाल रिबिनी. पायाला टेकलेलं गरम कपाळ. आणि स्वतःचा हात, त्या डोक्यावर ठेवलेला, आशीर्वाद द्यावा तसा. एवढं कसं विसरली होती ती? खाली बसावं म्हणून तिनं मागं हात केला, तर टेकायला काही नव्हतं. ती तशीच राखेशेजारी बसली. पातळ राखेनं भरलं.

कोंडाबाईनं पिठाचा नवा गोळा घेतला आणि पुढं बोलली. तिची कस्तुरा पुन्हा कधी गायली नाही. गळा होता तिला. दिवाळीला येते, तेव्हा अजून एखाद्या वेळी काढते, म्हणते आये, त्या दिवशी खोटारडी मी होते का तू?

"तिला फोन लाव," मल्लम्मा म्हणाली. "म्या सांगते तिला. आत्ताच लाव."

"लावीन."

"आत्ता लाव की गं."

"माझं मन होईल तवा लावीन, अक्का." कोंडाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. धूर मल्लम्माच्या तोंडावर आला, तिला खोकला आला, तरी ती बाजूला सरकली नाही. पुढं मंडपात यंदाचं गाणं संपत आलं होतं. आता पंगती बसणार होत्या, आणि चळत अजून कंबरेएवढी व्हायची होती. आणखी काही बोलावं असं मल्लम्माच्या मनात होतं, पण त्यातलं जे जे ओठावर आलं ते तिला स्वतःलाच ऐकावंसं वाटेना.

कोंडाबाईनं तिच्याकडं न बघता दुसरी परात पायानं पुढं लोटली.

"बसलाच हाय तर मळून द्या. पाणी कमी घाला, तुमच्या हातचं पीठ लई सैल पडतंय."

मल्लम्मानं बांगड्या वर सारल्या. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, निम्मं परत ओतलं, आणि पीठ मळायला लागली.